मारुतीभाऊंनी भंडारा उचलला नाही

३ फेब्रुवारी
बीडला गटाची बैठक. विषय एकच, गावागावांची गायरानं सोलर प्रकल्पाला द्यायची की नाही. जि.प.च्या सभेत पाठिंब्याचा ठराव करून घ्या, असा मुंबईहून पक्षाच्या साहेबांचा निरोप. गटनेती मी. म्हणजे सगळ्यांचे हात वर करून घेणं माझ्या गळ्यात.

सगळ्यांचे मोबाइल परातीत काढून घेतले, वर चादर टाकली. ही आयडिया आमच्या ह्यांची. परात मात्र माझी, भाकरी करायच्या वेळेला जागेवर नव्हती.

वडवणीकडची संगीता, यंदाच निवडून आलेली, पहिल्यांदाच तोंड उघडून बोलली. "ताई, मोटारीला दिवसा लाईट पायजेच. पण ढोरं कुठं चारायची, आसं लोक इचारायलेत." मग मारुतीभाऊ. त्यांच्या घरची मेंढरं अजून धाकटा भाऊ वळतो. "गायरान गेलं तर आमी डांबरी रोडवर चारायची का?" दगडूआप्पा, आमच्यातले सर्वांत जुने सदस्य, नुसतेच मान डोलवत चहा पीत होते.

मी म्हटलं, साहेबांच्या कानावर घालते. पण एवढ्या सगळ्यांना एकाच दिवशी गायरानाचा पुळका कसा आला? कुणीतरी पढवून पाठवलेलं दिसतंय. मला खाली ओढायला...

५ फेब्रुवारी
साहेबांचा फोन. मी काही सांगायच्या आधी तेच म्हणाले, "मारुतीरावांच्या मेंढरांचं काय एवढं?" मी गारच पडले. बैठकीतलं बोलणं शब्दाला शब्द पोचलेलं. कुणी सांगितलं, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर माझ्या गटात काय चाललंय ते मलाच ठाऊक नाही, असं होतं.

दिवसभर एकेकाचं तोंड डोळ्यापुढं आणून बघितलं. संगीता? तिचा नवरा मुंबईला फार फेऱ्या मारतो. ड्रायव्हर? जेवताना ह्यांच्याकडंही बघत बसले. "माझ्याकडं का बघायलीस अशी?" मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

८ फेब्रुवारी
आज बेलभंडारा उचलायला लावला. आमच्याकडची शपथेची जुनीच रीत. गावच्या निवडणुकीत माणूस फुटेल असं वाटलं की हेच करतात. परळीहून बेल आणवला, भंडारा घरच्या देवघरातला. इथलं बोलणं इथंच राहील, असं म्हणायचं आणि ताटातून उचलायचं.

दगडूआप्पांनी सगळ्यांत आधी उचलला, कपाळाला लावला, उरलेला टोपीवर टाकला. संगीतानं डोळे मिटून उचलला. ताट मारुतीभाऊंपुढं गेलं तर त्यांनी हात मागं घेतले.
"मी न्हाई उचलणार."
आप्पा म्हणाले, "का रं?"
"न्हाई म्हंजे न्हाई."
उठले, चपला घातल्या, गेले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. चोर सापडला. आज झोप लागेल.

९ फेब्रुवारी
पुढच्या बैठकीला मारुतीभाऊंना बोलवू नको, असं संगीताला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, त्यो माणूस तसला न्हाई वो." एवढी बाजू का घेते? आता हिच्यावरही लक्ष ठेवायला पाहिजे. माझी आई दूधवाल्यापासून देवापर्यंत कुणावर विश्वास ठेवायची नाही. तिचंच रक्त.

१३ फेब्रुवारी
मारुतीभाऊंशिवाय बैठक. छान झाली. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मार्गही निघाला : निम्मं गायरान चराईला राखून ठेवायचं, अशी दुरुस्ती ठरावात मागायची. मी परवा मुंबईला जाऊन साहेबांना समक्ष सांगणार, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही.

मी बीडहून घरी पोचते न पोचते तोच साहेबांचा फोन. "निम्मंबिम्मं काही नाही ताई. ठराव आहे तसाच घ्या. आणि आप्पांवर चिडू नका, त्यांना माझी काळजी असते."

आप्पा! मारुतीभाऊ तर आज नव्हतेच.

१४ फेब्रुवारी
तडक आप्पांच्या घरी. मला वाटलं खाली मान घालतील. कसलं काय. "ताई, साहेबाला सांगायलाच लागतंय. आपुन कुनाच्या जिवावर हाव?"
म्हटलं, भंडारा उचलला होता ना तुम्ही?
हसले. "हयात गेली राजकारणात. असे लई उचलले."
वर शेंगदाण्याचा लाडू पुढं केला. आणि तो मी खाल्ला. आप्पांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आलाय.

१५ फेब्रुवारी
मारुतीभाऊंना शोधत गेले. हरभरा निघालेल्या एका रानात त्यांची मेंढरं बसवलेली होती, तिथं सापडले. पोतं झटकून बसायला दिलं. मी कशासाठी आलेय ते ओळखलं असावं.

"त्यो आमचा देव हाय ताई. लेकरू आजारी पडलं, भावाभावात वाटणी झाली, तवा उचलतो आमी. उद्या साहेबानी फोन करून इचारलं, तर माझ्यानं खरं लपवनं हुईल का न्हाई, मलाच ठावं न्हवतं. मग देवाला कशाला मधी घ्यायचं?"

म्हटलं, हे तेव्हाच सगळ्यांपुढं सांगायचं होतं.
"तुमी इचारलं कुठं? आप्पानी इचारलं."

लाज वाटली. फार लाज वाटली. माफी मागितली, तर त्यांनी ती मेंढरांकडं बघत ऐकून घेतली आणि म्हणाले, "त्ये जाऊ द्या. गायरानाचं काय करता, तेवढं सांगा."

मी पोतं झटकून परत दिलं आणि निघाले.

१८ फेब्रुवारी
साहेबांच्या ऑफिसातून व्हिपचा मसुदा आला. ठरावाच्या बाजूनं मत द्या, नाहीतर सदस्यत्व जाईल. खाली सही गटनेतीची. निम्म्या गायरानाचा शब्दही नाही. फोन करून साहेबांशी भांडले, म्हणजे माझ्या मानानं भांडले. "सभासदांच्या शंका दूर करणं तुमचं काम आहे ताई, माझ्यापर्यंत आणणं नाही." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

सही केली. सगळ्यांना पाठवला. संगीताचा फोन आला, मी उचलला नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळ
दुपारी सभा. पोहे तसेच राहिले.

मघाशी मारुतीभाऊंचा फोन. "ताई, व्हिप मिळाला. पोच दिली."
मी म्हटलं, बरं. दुसरं काय बोलणार?
"माझं मी ठरवलंय. सभेत तुमच्याकडं बघन. तुमचा हात वर गेला की माझा जाईल. न्हाई गेला, तर न्हाई." ठेवला. रामराम नाही, काही नाही.

आता डोक्यात तेच. हा माणूस खरंच माझ्यावर भरवसा टाकतोय, की सगळ्यांपुढं मला उघडं पाडणार आहे? हात खाली ठेवला तर माझंच पद जाईल, एवढं त्यांना कळत नाही असं थोडंच आहे. आणि आप्पांनी तर शिकवलं नसेल? नाही, आप्पांशी ते बोलतच नाहीत. की बोलतात?

गाडी दारात आली. हे हॉर्न वाजवायला लागलेत. भरवसा असो नाहीतर डाव, मारुतीभाऊ समोरच्या रांगेत बसतात आणि बघणार आहेत ते माझ्याच हाताकडं.