काटा बरोबर आहे

१४ एप्रिल, सोमवार
डिस्चार्ज. डॉक्टर म्हणाले, मधुकरराव, तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे. म्हटलं, हार्ट फेल झालेला माणूस तिरडीवर असतो, मी तर तुमच्यासमोर बसलोय. ते हसले नाहीत. म्हणाले, हृदय बंद नाही पडलं, कमजोर पडलंय. रक्त नीट ढकलता येत नाही, म्हणून अंगात पाणी साचतं. मीठ कमी, पाणी मोजून, गोळ्या वेळेवर आणि रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन.
सोपं आहे. इतवारीच्या बाजारात आयुष्यभर भांडी तोलून विकली. मला वजनाचं कोणी शिकवू नये.
संकल्प: अक्षय तृतीयेला दुकानात, गादीवर. लग्नसराई एकट्या आयुषला झेपणार नाही. मुलगा हुशार आहे, पण गिऱ्हाईक ओळखत नाही.

१६ एप्रिल, बुधवार
आयुषने ऑनलाइन वजनकाटा मागवला. काचेचा. खेळणं आहे. अडुसष्ट किलो. प्रेमिलाने कॅलेंडरवर लिहिलं.
अळणी वरण. बायकोवर राग येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही. दिवसभर भिंतीकडे बघत बसलो. विश्रांती म्हणतात ती हीच असावी.

१९ एप्रिल, शनिवार
एकोणसत्तर! दवाखान्यात पार उतरलो होतो, आता अंग धरतंय. पितळ असो की माणूस, वजनदार तोच माल चांगला. प्रेमिला म्हणाली, डॉक्टरांले फोन लावू का? म्हटलं, एका किलोसाठी?

२१ एप्रिल, सोमवार
सत्तरच्या वर. प्रेमिलाने कॅलेंडर समोर धरलं. म्हटलं, बेडरूमची फरशी समतल नाही. काटा स्वयंपाकघरात हलवला. तिथे थोडं कमी भरलं. यापुढे तिथेच.
बेसाच्या या नव्या फ्लॅटमध्ये एक फरशी धड नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
भयंकर ऊन. दिवसाचं पाणी प्रेमिला मोजून भरून ठेवते. त्याच्या बाहेर मी थेंब घेत नाही. टरबूज हे फळ आहे. पन्हं हे उन्हाळ्याचं औषध आहे. चूळ भरताना दोन घोट गेले, ते चुकून.
लघवीची गोळी घेतली नाही. बँकेत जायचं होतं, तिथे कुठे जागा शोधत फिरणार? मग बँकेतही गेलो नाही. जिना उतरतानाच ऊन लागलं.
उद्यापासून गोळी पक्की.

२६ एप्रिल, शनिवार
जोडे उन्हाने आकसलेत. पाय शिरत नाही. आयुषच्या जुन्या चपला घातल्या.
प्रेमिलाने घोट्याजवळ बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना. म्हणाली, अहो, पाय पाहा न, किती सुजून राहिले. म्हटलं, वय झालं की पाय भरतात. ती खड्ड्याकडेच बघत राहिली. मीही त्या खड्ड्याकडे पाहत होतो. दुसऱ्या कोणाचा पाय असावा तसं वाटलं.
गोळी राहिली.

२८ एप्रिल, सोमवार
आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. गादीचा कापूस गोळा झालाय. खुर्चीतच झोपलो. कूलरचा वारा तिथे नीट येतो.
परवा दुकान. आयुषला फोन करून सांगितलं, दुकानातली गादी झटकून ठेव. तो म्हणाला, बाबा, तुमी आराम करा न. म्हटलं, पंधरा दिवस तेच केलं.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया
सकाळी काचेचा काटा त्र्याहत्तर म्हणाला. प्रेमिला म्हणाली, आता दवाखान्यात चला. म्हटलं, आधी दुकानातल्या काट्यावर खरं वजन करतो, मग बोल.
ऑटो गल्लीत शिरेना. हातठेल्यांमधून दुकानापर्यंत तीनदा थांबलो. ओळखीचे लोक नमस्कार करतात, थांबावं लागतं.
दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सिंधूताई म्हणून एक बाई नातीच्या आंदणासाठी पाण्याचा पितळी गुंड घेत होत्या. आमचा काटा जास्त दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. चार गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती. मी गुंड उतरवला आणि स्वतः काट्यावर उभा राहिलो. त्र्याहत्तर. चपला काढल्या. त्र्याहत्तरच.
काटा बिघडलाय, हे अगदी ओठांवर आलं होतं. सिंधूताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आयुष हळूच म्हणाला, बाबा, सांगा न, आपला काटा बरोबर आहे का नाही?
वडिलांपासून त्या काट्यावर दुकान उभं आहे. दरवर्षी सरकारी शिक्का मारून घेतो. म्हणालो, काटा बरोबर आहे.
सिंधूताईंनी गुंड बांधायला सांगितला. आयुषने मला धरून खाली उतरवलं. तो आईला फोन लावत होता. गादीवर बसायचं राहिलं.

३ मे, शनिवार
आयसीयूतून वॉर्डात आणलं. तीन दिवस इंजेक्शनं. अंग धरलं समजत होतो, ते सगळं लघवीच्या पिशवीत गेलं. दुकान उत्तम चालू आहे असं आयुष म्हणाला. माझं मन राखण्यासाठी म्हणतोय का, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तसं दिसलं नाही.
डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? म्हणालो, बुधवारपासून. प्रेमिला म्हणाली, यांले नका विचारू, मले विचारा. मग तीच सांगत गेली. पाय केव्हा सुजले, कोणत्या दिवशी गोळी खिशात ठेवली, कोणत्या रात्री दम किती वेळ लागला. म्हणाली, मी झोपतच नाही डॉक्टर, यांचा श्वास चालू आहे का ते ऐकत राहते.
डॉक्टर गेल्यावर तिला म्हटलं, मले भेव लागते वं.
ती म्हणाली, मलेही.
आणखी काही बोलणार होतो. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, भेटायची वेळ संपली.