काळी पाचची पट्टी

॥ श्री महाकाली प्रसन्न ॥

ऊर्जानगर, चंद्रपूर
रविवार, ३ ऑक्टोबर २००४

प्रिय चंदाबाईस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे देवीच्या कृपेने सगळं ठीक. तिकडे आरमोरीला धान निसवला असेल. तुमच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणजे सध्या तू घरीच असशील असा अंदाज करून लिहिते. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये म्हणतात, पण नणंदेला पत्र लिहायला मनाई नसावी.

गोपाल पुण्याला नोकरीला लागला. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला. जुना इथे सोडून गेला आणि मला म्हणाला, "आई, भंगारवाल्याला देऊन टाक." चालती वस्तू भंगारात घालणं माझ्याच्याने होत नाही. विजेच्या वसाहतीत राहून रिकाम्या खोलीतले दिवे विझवत फिरते म्हणून बायका मला हसतात, तुला माहीतच आहे. जुन्या लुगड्याचं पांघरूण शिवून त्याच्यावर घातलं. आता त्याच कॉम्प्युटरवर मी भजनी मंडळासाठी साथ तयार करते. हसू नको, खरं सांगते.

शेजारच्या फरहतबाईंचा मोहसीन शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने त्यात तंबोरा, तबला, पेटी अशी वाद्यं घालून दिली. पडद्यावर नुसती चित्रं दिसतात, पण दाबलं की आवाज अस्सल. अडचण एवढीच की मशीन म्हातारं आहे. तंबोरा आणि तबला एकदम लावले की त्याला धाप लागते, ठेका अडखळतो आणि मग सगळंच थिजून बसतं.

मोहसीन म्हणाला, "काकू, याले एका टाइमाले एकच काम सांगा. तंबोरा पुरा करून साठवून ठेवा, ते वाद्य बंद करा, मंग तबला घ्या. साठवलेलं नुसतं ऐकवाले त्याले जोर नाई लागत."

म्हटलं, एका शेगडीचा स्वयंपाक म्हण ना. वरण शिजलं की उतरवून झाकायचं, मग भाजी चढवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा आरमोरीच्या घरी आपण तेच तर करत होतो. तू फुंकणी घेऊन बसायचीस आणि गाणं म्हणत राहायचीस, त्यात विस्तव विझायचा.

तू विचारशील, भाऊ घरात असताना पेटी कॉम्प्युटरवर कशाला? इथवर तेच लिहायचं टाळत होते. तुझ्या भावाला चैत्रात लकवा मारला. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात आला नाही. ऑफिसातून रजेवर घरीच आहेत. तुला कळवायचं नाही, असं मला बजावलं होतं. तू नाटक कंपनीत गेलीस तेव्हा "माझ्या दारात पाय ठेवू नको" म्हणणारा माणूस, पडलेला हात तुला कसा दिसू देईल? मी तेव्हा त्यांचं ऐकलं. आता ऐकायचं नाही असं ठरवलं आहे.

पेटी त्यांनी माळ्यावर टाकायला लावली. मंडळातल्या बायका म्हणाल्या, भाड्याने पेटीवाला आणू. जमाखर्च माझ्याकडे आहे. मी म्हटलं, परवडत नाही. परवडलं असतं गं. पण त्यांच्या आसनावर दुसरा बसलेला त्यांना दिसू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

एका दुपारी मी पडद्यावर पेटीचे सूर एकेक करून बसवत होते. पलंगावरून आवाज आला.

"कोमल नी आहे तो. शुद्ध काऊन लावून राह्यली?"

"मले काय समजते त्यातलं? तुम्हाले येते तर तुम्ही लावा."

"कोणत्या हातानं लावू?"

"एका बोटाचं काम आहे. पाच बोटं शिल्लक आहेत तुमची."

फार लागेल असं बोलले, आणि डाळीला फोडणी द्यायला निघून गेले. परत आले तर हे खुर्चीवर.

पेटीवर उजवा हात सूर वाजवतो आणि डावा मागून भाता हलवतो. यांच्या डाव्या हाताने जन्मभर भाताच हलवला. आता तोच हात सूर लावायला बसला. एकेक सूर ठेवायला कितीही वेळ लागो, कॉम्प्युटर वाजवताना सगळे लगोलग वाजवतो. पहिली तान सलग वाजली तेव्हा माऊस सोडून ते मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मी चहा ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी लगेच खोड काढली. "ही पेटी श्वास घेत नाई. नुसती सारखी बोंबलते." मग मोहसीनने दाखवलं, सुरांच्या खाली एक रेघ असते. ती वर ओढली की आवाज फुलतो, खाली आणली की ओसरतो. चंदा, ती रेघ त्यांना शिकवावी लागली नाही. भाता कुठे दाबायचा, कुठे सैल सोडायचा, हे त्या डाव्या हाताला पाठच होतं. मंडळाच्या मंगलीबाई दारात चपला काढता काढता म्हणाल्या, "गुणवंतराव पेटीवर बसले काय?"

हे रेघ ओढतच राहिले.

पण त्याच मंगलीबाई गायला बसल्या आणि पहिल्या ओळीलाच थांबल्या. "बाई, इतक्या वर तर चिमणी गाईन. आम्हाले काळी तीन पुरते." मी पाहिलं तर यांनी तंबोऱ्यासकट सगळी साथ काळी पाचच्या उंच पट्टीत लावलेली. मी यांना म्हटलं, "खाली आणू काय? तंबोरा पुन्हा करा लागेल, एका दुपारचं काम आहे."

"राहू दे."

"मंग गाईन कोण?"

"राहू दे म्हटलं ना." आणि तोंड भिंतीकडे.

आपल्या घरात काळी पाचला कोण गात होतं, ते मी लिहायला नको. तू फ्रॉकमध्ये असताना देवीपुढे उभी राहायचीस, साथीला हेच असायचे. त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. मीही ते त्यांच्या तोंडी घालून लिहिणार नाही, अष्टमी जवळ आली आहे, खोटं नको. त्यांनी सूर कोणता लावला, तेवढं सांगते.

सीडी वाजवायचं यंत्र तुझ्याकडे असेल नसेल म्हणून मोहसीनकडून कॅसेटवर उतरवून घेतलं आहे. तंबोरा आहे, तबला आहे, पेटी आहे. आवाज नाही. तालीम करून ये. अष्टमीच्या जागराला हीच साथ लागेल, याच पट्टीत, असं मंडळाला सांगून टाकलं आहे. मंगलीबाई फुगल्या, पण मागून धरतील. दाराचं म्हणशील तर क्वार्टर त्यांच्या नावावर आहे, कडी मी काढते. आणि तू आली नाहीस तर देवीपुढे साथ तशीच मोकळी वाजेल, आम्ही बायका बसून ऐकू. पट्टी मी खाली आणणार नाही.

पाकीट तयार करत होते तेव्हा हे बाजूलाच होते. कोणाला पाठवतेस, विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "जाड पुठ्ठा लाव. पोस्टात आपटतात, फुटून जाईन."

दोन पुठ्ठे लावले आहेत.

काळी पाचवर अडून बसलेली,
तुझी वहिनी