गाडी अजून तुयाच नावावर आहे

प्रिय दादा,

पहिले माफी मागतो. लिहिण्यात चुका बहुत असतील. ऱ्हस्व-दीर्घ मले शाळेतही जमलं नाही, आता काय जमते! अन् टाइप करायले टाइम लागते. एक अक्षर शोधता शोधता पुढचं विसरून जातो. तू असता तर म्हटला असता, "अबे, बोलून पाठव ना!" बोलताच तर येत नाही ना मले.

आज काहून लिहून राहिलो? उद्या सकाळी आई अन् मी आरटीओत जाऊन राहिलो. गाडीवरचं तुयं नाव काढून आईचं टाकायचं आहे. तुले न सांगता कसं जाऊ? गाडी अजून तुयीच आहे.

आई या गोष्टीले तयारच नव्हती. आईसंग हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया तिले सांगत, "बाई, नाव बदलवून घ्या." आई म्हणे, "कशाले? सिलतऱ्याच्या कारखान्यात धूळ खाऊन गाडी घेतली त्यानं. राहू दे त्याच्याच नावावर. कोणाचं काय बिघडून राहिलं?"

तुले आठवते का, गाडी घरी आणली तो दिवस? सेकंडहँड होती, पण तू असा हॉर्न वाजवला का सारा मोहल्ला बाहेर आला! आई पुढे बसायले गेली तर तू म्हटलं, "पुढे ड्रायव्हर बसते, मालकीण मागे बसते." तेव्हापासून आई मागेच बसते. आता मी चालवतो, तरी मागेच. माया बाजूची सीट रिकामीच राहते.

एक गोष्टीचा मले तुया राग आहे, सांगूनच टाकतो. डोळे पिवळे झाले होते तुये, अन् तू काय करत होता? उसाचा रस पीत होता! अन् तो कोणी बाबा, त्याच्याकडून गळ्यात माळ घालून आला. आई म्हणे डॉक्टरकडे जा, तू म्हणे, "कावीळच तर आहे, उतरते." नाही उतरली ना, दादा. मी काहून नाही बोललो तेव्हा? मले दिसत होतं सगळं.

आपले बाबा गेल्यापासून घरात बोलणारा तूच होता. लाइट बिलवाला असो का घरमालक, तूच. मी नववीत शाळा सोडली, तेव्हा सरांशी बोलायलेही तूच गेलता. मी गेटबाहेर उभा होतो. सगळे म्हणत, दोघा भावांचा आवाज सेम आहे. एक वापरते, दुसरा ठेवून देते.

आता ते सांगतो ज्याच्यासाठी हे लिहून राहिलो.

तुया फोन मी बंद केला नाही. रोज चार्ज करतो. मागच्या महिन्यात दुपारी तो वाजत होता, वाजतच होता. आई किचनमधून ओरडली, "उचल ना रे! डोकं उठलं मायं."

उचलला. एक मॅडम होती. "नमस्ते सर, निखिल जी बोल रहे हैं?"

मी नाही म्हणायलेच तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण निघालं, "हाँ जी, बोलिए."

तुयासारखं! तो 'जी' ओढून!

मॅडम म्हणे, "सर, आपकी गाड़ी का बीमा ख़त्म हो रहा है। आपने एक भी क्लेम नहीं लिया, बहुत अच्छी गाड़ी है आपकी."

"गाड़ी तो ऐसी ही है मैडम, चलाने वाला अच्छा है."

ती हसली. मी एका पोरीले हसवलं, दादा! मी!

मग तिनं विचारलं, "नॉमिनी में छोटे भाई का नाम है सर। वही रहने दूँ?"

तू मायं नाव टाकलं होतं? कधी सांगितलं नाही मले! काहून नाही सांगितलं?

"हाँ, उसी का रहने दो," मी म्हटलं.

"भाई से बहुत प्यार है लगता है."

"बोलता कम है. लड़का अच्छा है."

हे मीच म्हटलं. मायाबद्दल. तुया आवाजात. मग फोनवर नंबर आला, तो तिले सांगितला, लिंकवर पैसे भरले अन् आईले म्हटलं, बीमा झाला. तिनं कसा झाला विचारलं नाही.

लिहायले लाज वाटते. त्या दिवशी मले दुःख नाही झालं. मजा आली. तू होऊन बोललो तर जीभ कुठं अडकलीच नाही. तू गेला अन् मी तुया आवाजात मजा करून राहिलो होतो. कसा भाऊ आहे मी?

परवा ब्राह्मणपाऱ्यात वळताना एका ई-रिक्षाले आपला बंपर लागला. हळूच लागला, पण रिक्षा कलंडली अन् आतल्या आजीचं कोपर सोललं. मागे आई अन् मेसच्या दोन बाया बसल्या होत्या. गर्दी झाली. चौकातला हवालदार आला, कागद मागितले.

"गाड़ी किसकी है? ये निखिल कौन है?"

मी तोंड उघडलं. काहीच निघालं नाही.

"अरे, गूँगा है क्या? फोन लगा, बुला उसको!"

सगळे मायाकडे पाहून राहिले होते. फोन तर मायाच खिशात होता, तुया. एकच गोष्ट सांगायची होती, दादा. भाऊ आहे माया, वारला. एवढंच. नाही आलं मले.

मागचं दार उघडून आई उतरली. "वो नहीं रहा, साहब. मेरा लड़का था."

तुले माहीत नसेल, आई हे कधीच बोलत नाही. घरी म्हणते, निखिल असता तर. नाहीतर म्हणते, निखिल सिलतऱ्याले होता तेव्हा. त्या दिवशी भर रस्त्यात, अनोळखी माणसापुढे तिले ते म्हणावं लागलं. मी शेजारी उभा होतो. अठरा वर्षांचा घोडा.

हवालदाराचा आवाज उतरला. "अम्मा, तो पिछले महीने बीमा किसने कराया इसके नाम से? मालिक ही नहीं है तो इस काग़ज़ के भरोसे मत चलाओ. आज इस बूढ़ी दाई को ज़्यादा लग जाती तो कंपनी हाथ खड़े कर देती. कहाँ से भरतीं आप? पहले नाम बदलवाओ, फिर बीमा कराओ."

ती आजीच मग म्हणे, "जावन दे साहब, मोला कुछु नइ होय हे." जाऊ द्या म्हणे, मले काही झालं नाही. आईनं तिले दवाखान्यात नेलं, पट्टी करवली, घरी सोडलं. मी नुसता गाडी चालवत होतो.

घरी आल्यावर आई मेथी निवडायले बसली.

"बीमा कोणी काढला रे?"

"मी."

"निखिल म्हणून बोलला?"

मी मान हलवली. वाटलं, आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कसा बोलला? मले बोलून दाखव."

"आई, नको ना."

"एकदा."

मी भिंतीकडे तोंड केलं अन् म्हटलं, "हाँ जी, बोलिए."

वळलो तर आई पदर तोंडाले लावून बसली होती. म्हणे, "सेम आहे रे." मेथी बाजूले सारून म्हणे, "हा आवाज आता पुन्हा नको काढू. तो त्याचा आहे. तू तुया काढ." अन् मग एकदम, "सोमवारी मेसची सुट्टी घेते. आरटीओत जाऊ. मागे बाया बसतात माया, त्यांचीही लेकरं आहेत."

दादा, तुयं नाव आम्ही पुसून नाही राहिलो. असं समजू नको. पण मले तसंच वाटून राहिलं, काय करू?

उद्या त्या खिडकीवरचा माणूस विचारीन, मालक कुठं आहे? आईले मी दूर बाकड्यावर बसवीन, आधीच सांगून ठेवलं तिले. मी सांगीन. मायाच आवाजात, अडकलो तरी चालते, मागची लाइन ओरडली तरी चालते. गाडी माया भावाची आहे, तो वारला, अन् मी त्याचा लहान भाऊ. हे आईले पुन्हा म्हणू देणार नाही. अन् त्या मॅडमचा फोन आला तर तिलेही खरं सांगीन. वचन देतो.

तुयाच,
बारक्या

अन् हव, कोपऱ्यावरच्या किराणावाल्या सेठनं मिशी काढून टाकली! पोट्टे दुकानात जाऊन त्यालेच विचारतात, "सेठ कहाँ गए भैया?"