शेपटीला लाल टाय

धाकट्या,

तू पाठवलेल्या ताकदीच्या गोळ्या मी शेजारणीला देऊन टाकल्या. मला वाटेल त्या गोळ्या चालत नाहीत. डायलिसिसमध्ये जी जीवनसत्त्वं धुऊन जातात, तेवढीच डॉक्टर देतात.

आणि तुझा कुत्रा मला चावला. डायबेटिसनं पाय बधिर झालेत, त्यामुळे त्याच्या शेपटीवर पाय पडलेलाही कळला नाही आणि चावाही. मोजा लाल दिसला तेव्हा समजलं. जखम साबणानं धुतली, इंजेक्शनं चालू आहेत.

नर्स म्हणाली, "काकू, कुत्रा देऊन टाका." मी म्हटलं, "पाय मी दिला, आणि घराबाहेर त्यानं जायचं?"

तूही तेच म्हणशील, म्हणून हे पत्र पाठवत नाही. तुझा लग्नातला लाल टाय कापून त्याच्या शेपटीला बांधलाय. आता लांबूनच दिसते.

तुझी,
डोळे शाबूत असलेली आई