दुसरा पाट

गारखेडा, औरंगाबाद
३ नोव्हेंबर २०१५

प्रिय अमेय,

परवा रविवारी क्रांती चौकात आपण तासभर चहा पीत बसलो होतो, आणि आज मी तुला पत्र लिहायला बसलोय. तू हसशील. पण समोरासमोर असलो की तू बोलतोस आणि मी ऐकतो, हे आपलं पाचोडच्या शाळेपासून चालत आलेलं आहे. तुझे वडील अनंतराव तिथं गुरुजी होते, तू पहिल्या बाकावर, मी मेंढरं सोडून उशिरा येणारा. आता मी शाळेत क्लार्क झालो, दिवसभर दाखले लिहितो. लिहिताना मात्र मला कुणी अडवत नाही.

तू अमेरिकेहून परत आलास तेव्हा बॅगेत चॉकलेटं असतील असं माझ्या पोरीला वाटलं होतं. तू आणलीस गाणी. 'गावाकडच्या बायांची गाणी आहेत रे, फक्त गाव तिकडचं,' असं म्हणालास. मग तू त्या बायांवर मोबाईलमध्ये लिहायला लागलास, ब्लॉग की काय म्हणतात ते. पोरीनं मला उघडून दाखवलं. एक बाई चर्चमध्ये गाता गाता मोठी झालेली, एकीचा नवरा महिनोन् महिने ट्रकवर, एकीचं शेत सलग तीन वर्षं धुळीनं भरलेलं. मी शब्दन् शब्द वाचला. त्या बायांच्या आयांची नावंसुद्धा तुला पाठ. मला एकही सूर कळला नाही, पण धूळ कळली. आणि खरं सांगतो, वाईटही वाटलं. माझ्या घरी चाळीस वर्षं एक बाई गात होती आणि माझ्या मनात कधी आलं नाही की हे कुणी लिहून ठेवावं.

म्हणून मीच तुला माझ्या थोरल्या बहिणीचं, गोजरआक्काचं सांगितलं. तुला ती आठवत होतीच. आमच्या वस्तीवर ताकभाकरी खायला यायचास तेव्हा ती तुझ्या सदऱ्याचे गोखरू काढून द्यायची. तेरा सालचा मे महिना. तुला कंपनीतून सुट्टी मिळेना. तू म्हणालास, 'खंड्या, तूच जा, मोबाईलवर घे. तुझ्यापुढं ती मोकळं गाईल.'

मी गेलो. विहिरी तळाला गेलेल्या, मेंढरं गोदाकाठी गेलेली, वस्तीवर फक्त बाया आणि म्हातारी माणसं. टँकरच्या रांगेत आक्का उपड्या घागरीवर बसली होती. मी म्हटलं, अमेयला तुझ्या ओव्या पाहिजेत. ती पदरात तोंड घालून हसली. 'आता गं बया! इंग्रजी बाया सोडून माझ्या कशाला?' शेजारची म्हणाली, 'गा की, टँकर तरी लौकर यील.' मग ती गायला लागली. रांग सरकली की घागर उचलायची, म्हणून प्रत्येक ओवी मी वेगळी घेतली. पहिली तुला पाठच असेल:

टँकरच्या रांगंमंदी घागर माझी शेवटाला
बंधू माझा खंडेराव येतो बाई भेटायाला

सहा ओव्या, सहाही वेळा माझं नाव. तू ब्लॉगवर लिहिलंस की तिकडच्या गाण्यांत नवरा असतो, प्रियकर असतो, देव असतो, पण भाऊ क्वचितच. आणि हा खंडेराव किती भाग्यवान! नांदेडच्या, लातूरच्या, कुठल्या कुठल्या बायांनी खाली लिहिलं. ते वाचून माझी छाती भरून यायला हवी होती. मी मोबाईल पालथा ठेवला.

कारण रेकॉर्डिंगं सात होती. मेमरी कार्डावर मी तुला सहाच दिली. सातवी गाताना तिनं डोळे मिटले, आवाज खाली आणला आणि गायली:

दोन बंधू मला बाई, एक जवळ, एक लांब
अमेयबंधू येईपातुर दिवाळीच्या सणा थांब

आईवडील गेल्यापासून तिच्या ओवीत मी एकटा होतो रे. मी साधा माणूस, सभेत माझं नाव कुणी घेत नाही. माझं नाव जिथं गाण्यात येतं अशी जगात एकच जागा होती. तुला अमेरिका आहे, कंपनी आहे, उल्कानगरीत फ्लॅट आहे, वाचणारी माणसं आहेत. आणि एका बैठकीत तुला ती जागाही मिळाली, तीही न मागता, न येता. रांगेत सगळ्या बाया बघत होत्या. एक म्हणाली, 'आता दोन खण व्हतील तुला, गोजरे.' आमच्याकडं ओवीत ज्याचं नाव घेतलं त्यानं भाऊबीजेला खण घेऊन यायचं असतं, हे तुला माहीत नसणार. ती म्हणाली, 'खण नाय आणला तरी चालंल. यावा.'

त्या भाऊबीजेला मी गेलो तर रांगोळी काढून दोन पाट मांडलेले. 'त्यानं ऐकलं का?' मी म्हटलं, ऐकलं, कामात असेल. दुसऱ्या वर्षी पुन्हा दोन पाट. ओवाळताना तिची नजर वाटेकडं. मध्यंतरी तू आणखी ओव्या मागितल्यास, तेव्हा मी तुला सांगितलं की आक्काला हे आवडत नाही. तू बिचारा लगेच म्हणालास, मग तिला त्रास नको. एवढं खोटं मी दाखल्यावर कधी लिहिलं नाही. रविवारी इथल्याच सातारा गावच्या खंडोबाला जातो, भंडारा कपाळाला लावतो, आणि काय मागावं ते सुचत नाही.

गेल्या आठवड्यात पाचोडला गेलो होतो. पुन्हा टँकर, पुन्हा तीच रांग, घागरीवर आक्का, पण गप्प. मी म्हटलं, गा की. म्हणाली, 'नाव घेतलेला बंधू आला नाय तर ओवी खोटी पडती. खोटं कशाला गाऊ? दोन वर्सं झाली, तोंडात येतच नाय.' मग जरा थांबून, 'औंदा एकच पाट मांडीन बाबा. दुसऱ्यावर मांजर बसतंय.' ती हसली, मला हसता आलं नाही. तिचं गाणं मी बंद केलं, आणि बोल लागला तुला.

सोबत कागदात गुंडाळून कार्ड ठेवलंय. सातवी ओवी तशीच आहे. आधी ऐक, मग माझ्यावर काय रागवायचं ते रागव. भाऊबीज तेरा तारखेला आहे. सकाळी सातला तुझ्या दाराशी येतो, पाचोडला तासाभरात पोचू. खण हिरवा घे, तिला आवडतो. वस्तीवर कळवलंय की पाट दोन मांड. ती विचारेल इतके दिवस का आला नाहीस, तर मध्ये बोलू नकोस, ते मीच सांगणार आहे. एवढं करूनही माझं मन पुरतं निवळलेलं नाही, म्हणून एकच मागतो. ओवाळताना आधी मला. तेवढं तरी राहू दे.

तुझाच,
खंडेराव