सात नंबरचा चिखल

३ मार्च
सहा बरण्या संपल्या! ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून खाडीतल्या अकरा ठिकाणचा गाळ आणलाय. तो पितळी चाळणीत धुवायचा आणि फोराम मोजायचे. वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव, पण प्रत्येकाचं स्वतःचं कवच! रंगात बुडवल्यावर गुलाबी होतो तो जिवंत. समुद्रातल्या जाती मुखाशी, कमी खाऱ्या पाण्यातल्या वर पुलापाशी — केवढी शिस्त! आमच्या घरात नाही तेवढी.

चार नंबरला दोनशे चौदा जिवंत. आणि खाडी भरून गोदामं बांधायची आहेत. आमच्या खात्याचे साहेब म्हणाले, "तुमचे किडे सगळ्याच खाड्यांत असतात. अहवालात 'विशेष काही नाही' लिहा आणि मोकळ्या व्हा."

५ मार्च
सात नंबरमध्ये अनोळखी जात. एक नाही, चाळीस! पुस्तकात सापडली — सात कोटी वर्षांपूर्वी नामशेष. तीनदा डोळे धुतले.

६ मार्च
साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि खुर्ची नव्हती तिथे बसले. गुलाबी एकही नाही, मी बजावलं. म्हणाले, "नवीन माणसांसमोर रंग चढायला वेळ लागतो." भराव स्थगित!!

११ मार्च
बरणीला पहारेकरी मिळाला. हजेरीवर रोज सही करतो, 'बरणीकरिता'. मातीचे ट्रक काठावर रांगेत उभे. ड्रायव्हर विचारतात, "ताई, पाहुणा जेवला का?"

बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "घरातली पहिली पदवीधर! मेलेला प्राणी शोधला तिने." शेजारी म्हणाले, "आमच्या मांजरीनेही."

१४ मार्च
आई भांडी घासताना सहज म्हणाली, "तुझी ती चाळणीही घासली होती हो मागे. पितळ असं काळं ठेवतात का? लोक म्हणतील, शिकली पण घासायला नाही शिकली."

कशाने घासली?

"खाणीतली पांढरी खडूमाती असते ना, तिने."

कधी? चार तारखेला. म्हणजे सात नंबर चाळायच्या आदल्या दिवशी.

खडूमाती म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कवचांचा चुराच. जाळीत अडकून बसला होता. जेवले नाही. आईला वाटतंय, चाळणीला हात लावला म्हणून रागावलेय.

१५ मार्च
साहेबांना खरं सांगायचं ठरवून गेले. समोर भरावाचा ठेकेदार बसलेला. "बोला बाई, काय म्हणता?" काही नाही, म्हटलं.

परवा समिती येतेय. त्यांच्यादेखत गाळ काढायचा, त्यांच्यादेखत चाळायचा, माझ्याच चाळणीने. काही सापडलं नाही तर दुपारपासून ट्रक सुरू.

संध्याकाळी चार नंबरची काचपट्टी पुन्हा पाहिली. दोनशे चौदा. सगळे खरे, सगळे गुलाबी. त्यांना पहारेकरी नाही. खोटं कधी लिहिणार नाही, असं याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय मी.

१६ मार्च
आई म्हणाली, "उद्या मोठी माणसं येणार, आणि चाळणी पुन्हा काळवंडलीय गं. घासू का?"

म्हटलं, घास. धुऊ मात्र नकोस.