मागच्या भिंतीतलं दार

पणदरे, बुधवार, १३ मार्च १९९६

वाचनालयाच्या दुरुस्तीची बैठक झाली, आणि अजून ती मागची भिंतच डोळ्यापुढं आहे. अनुदानात फक्त स्लॅब बसतो. मी म्हटलं, मागच्या भिंतीत एक दार हवं. पुढच्या दारासमोर कट्टा, कट्ट्यावर दिवसभर पुरुष. बायका पुस्तकं बदलायला पोरांना पाठवतात. अध्यक्ष तात्या म्हणाले, "बाया येतच न्हाईत, मग दार कुणासाठी?" चिडले मी. ग्रंथपाल असून मीच रोज त्या कट्ट्यापुढून मान खाली घालून जाते, हे कसं सांगायचं?

संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या बोळात, डेअरीवर दूध घालायला गेले. सगळ्याजणी किटल्या घेऊन उभ्या. सहज विषय काढला. शालनवहिनी म्हणाली, "दारासाठी आमी एक दिसाच्या दुधाचं पैसं दिऊ." बाकीच्याही हो म्हणाल्या. तात्यांची सूनसुद्धा.

परत येताना आज पहिल्यांदाच कट्ट्यापुढं थांबले. तिथं बसलेल्या तात्यांना सगळं सांगितलं. ते उठले, बोळात आले, त्या भिंतीकडं बघत राहिले.

मग म्हणाले, "गवंड्याला सांग, उंबरा ठिवू नको. बायांच्या हातात किटल्या असत्यात."